वडगावची माघार आणि बुणगे

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत वडगावच्या लढाईला आठ-दहा ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही. त्या ओळीही ठरलेल्या असतात. राघोबादादाने इंग्रजांचा आश्रय घेतला, इंग्रज फौज बोरघाट चढून आली, नाना आणि महादजी यांनी तिला तळेगावापाशी कोंडले, वडगावास तह झाला आणि मराठी दौलतीची अब्रू राहिली. विद्यार्थी हे पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथली बरीच मुले मावळातूनच येतात. काहींची घरे सोमाटणे, तळेगाव, वडगाव याच पट्ट्यात आहेत. आपल्या बांधावरून एकेकाळी हजारो माणसांची फौज अंधारात मागे फिरली, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते. दोष मुलांचा नाही. ज्या इतिहासात आपले कोणी नाही तो लक्षात कशाला ठेवायचा, असा त्यांचा साधा हिशेब असतो.

तो हिशेब मी खोडून काढणार नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की या माघारीत आपली माणसे होती, आणि ती हिशेबात धरल्याशिवाय ही माघार समजतच नाही. हा दयेचा प्रश्न नाही, समजुतीचा आहे. बैल हाकणारा, ओझे वाहणारा, पखालीने पाणी भरणारा, गाव सोडून डोंगरात गेलेला आणि पिछाडीला उभा राहून बंदूक ठासणारा माणूस वगळला, तर १२ जानेवारी १७७९ या दिवशी नेमके काय घडले ते सेनापतींच्या नावांवरून सांगता येत नाही.

राजकारण थोडक्यात आटोपतो, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्याचा खून झाला. बारभाईंनी राघोबाला बाहेर काढले. मुंबईकर इंग्रजांना साष्टी आणि वसई हवी होती; साष्टी त्यांनी १७७४ च्या डिसेंबरात घेतलीच होती. मार्च १७७५ मध्ये सुरतेस राघोबाशी करार झाला. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने तो मानला नाही आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. मुंबईकरांनी तो मनातून कधीच स्वीकारला नाही. १७७८ च्या अखेरीस राघोबाला पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी त्यांनी फौज काढली. गादी कोणाची आणि वारस कोण हा वाडा आणि वखार यांच्यातला व्यवहार होता. त्याची किंमत मात्र मावळाने मोजली.

आता ही फौज पाहू. लढणारी माणसे सुमारे ३,९००. त्यांत गोरे सहाशेच्या आत-बाहेर, बाकी बहुतेक देशी शिपाई. आणि या फौजेबरोबर बैल होते १९,०००. हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहितो आणि मुलांना भागाकार करायला सांगतो. एका लढणाऱ्या माणसामागे जवळजवळ पाच बैल. या बैलांना हाकणारे कोण? त्यांच्या वैरणीचे भारे कोणी आणायचे? पाठी सोलल्या, खूर फुटले की औषध कोणी लावायचे? याशिवाय डोल्या वाहणारे भोई, तोफा ढकलणारे लष्कर, भिस्ती, आचारी, धोबी, बाजारबुणगे. लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे कितीतरी अधिक. मराठी लष्करी भाषेत या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे: बुणगे. शब्दातच तुच्छता आहे. पण फौजेचे पोट, पाय आणि पाठ म्हणजे हे बुणगेच होत.

या फौजेचा कारभार एका सेनापतीकडे नव्हता. कर्नल एगर्टन, जॉन कार्नाक आणि थॉमस मॉस्टिन अशी तिघांची समिती होती. एकजण लष्करी, एकजण मुंबई कौन्सिलातला, एकजण पुणे दरबारात वकील म्हणून राहिलेला. मॉस्टिन आजारी पडून मुंबईस परत गेला आणि १ जानेवारी १७७९ रोजी वारला. एगर्टनची प्रकृती ठीक नव्हती. ६ जानेवारीस त्याने फौजेची सूत्रे कर्नल कॉकबर्नकडे दिली. समितीने युद्ध चालवणे म्हणजे काय, ते ज्यांनी कॉलेजातल्या समित्यांचे काम पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

कॅप्टन स्टुअर्टने २५ नोव्हेंबर १७७८ रोजीच पुढे जाऊन बोरघाट ताब्यात घेतला होता. मुख्य फौज घाटावर यायला डिसेंबराचा चौथा आठवडा उजाडला. तेथून कार्ल्यापर्यंतचे अंतर आठ मैल. ते कापायला या फौजेला अकरा दिवस लागले. म्हणजे दिवसाला पाऊण मैल. आषाढीच्या वारीत सत्तर वर्षांची म्हातारीही डोक्यावर तुळस घेऊन याच्या दहापट चालते. फौज इतकी संथ का? एगर्टनला वाटा मोकळ्या हव्या होत्या, सामान सगळे बरोबर हवे होते, एक तुकडी पुढे जाऊन थांबे आणि मग दुसरी हाले. पण मूळ कारण ते १९,००० बैल. फौज कितीही कवायती असली तरी तिचा वेग सर्वांत मागच्या थकल्या बैलाचा वेग असतो.

मराठ्यांनी घाटात मोठी लढाई दिली नाही. शाळेत असताना मला याचे नवल वाटे. तटासारखा बोरघाट सोडून शत्रूला पठारावर येऊ का द्यावे? आज नकाशा समोर ठेवला की वाटते, यातच सारी मेख आहे. घाटाखालच्या शत्रूच्या पाठीशी पनवेलची खाडी आणि गलबते असतात. घाटावर आलेल्या शत्रूच्या पाठीशी घाटच असतो. तो जितका पुढे येईल तितकी त्याची दोरी लांब होते, आणि लांब दोरी कोठेही कापता येते. मराठी घोडदळ रोज दिसे, तोफा आणि बाणांचा मारा करी, इंग्रज रांग धरून पुढे आले की मागे सरके. तोंडावर मोठी फौज उभी करून सामना द्यायचा नाही आणि शत्रूला एक दिवसही स्वस्थता द्यायची नाही, असा हा खेळ. ४ जानेवारीस कार्ल्याजवळ स्टुअर्ट मारला गेला. इंग्रजांचा सर्वांत तडफदार अधिकारी असा एका चकमकीत गेला. ९ जानेवारीस फौज तळेगावास पोचली.

वाचकांपैकी जे जुन्या रस्त्याने पुण्याला जातात त्यांनी कधी सोमाटणे फाट्यावर उतरून चौराईच्या डोंगरावर चढावे. वायव्येला तळेगाव दिसते. दक्षिणेला पवनेचे खोरे. पूर्वेला घोरवडेश्वराचा डोंगर, आणि त्याच्या कडेने पुण्याकडे गेलेली वाट. पुढे देहूरोड, जेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आपल्यापैकी पुष्कळांची पावले या बाजूला वळतात ती त्यासाठी. तळेगावाहून सोमाटणे तासाभराच्या चालीचेही नाही. इंग्रज फौज तळेगावापर्यंत आली आणि ते तासाभराचे अंतर तिने कधीच ओलांडले नाही. पुणे अवघे अठरा मैल राहिले होते. अठरा दिवसांची रसद अंगावर होती. समोर अजिंक्य असा एखादा किल्लाही नव्हता. तरी फौज तेथूनच फिरली. का?

कारण समोर काहीच नव्हते. तळेगाव इंग्रज येण्यापूर्वीच मराठ्यांनी जाळून टाकले होते. पुढे चिंचवडही जाळणार, आणि वेळ पडली तर पुणेदेखील जाळणार, अशी खबर समितीला मिळाली. राघोबाने इंग्रजांना सांगून ठेवले होते की आपण पुढे गेलो की सरदार येऊन मिळतील. एकही नाव घेण्याजोगा सरदार आला नाही. मुक्कामाला गाव नाही, बैलाला वैरण नाही, वाट दाखवायला माणूस नाही. १९,००० बैलांच्या फौजेला वैरण न मिळणे म्हणजे अठरा दिवसांची रसद असूनही ती वाहून नेता न येणे. रसद माणसाच्या पोटाची मोजली होती, बैलाच्या पोटाची नव्हे.

येथे आमचे इतिहासकार 'दग्धभू धोरण' असा भारदस्त शब्द वापरतात आणि पुढे जातात. मला पुढे जाता येत नाही. महिना कोणता होता? पौषाचा, जानेवारीचा. मावळात भात कापून, झोडून झालेले असते. पेंढ्याच्या गंजी रचलेल्या असतात. वर्षाचे धान्य कणग्यांत येऊन पडलेले असते. आणि याच दिवसांत खळ्यावर बलुतेदारांचे बलुते वाटले जाते. म्हणजे वर्षभर गावाचे काम केल्यावर महार, मांग, चांभार, न्हावी, कुंभार यांच्या पदरात जे काय पडायचे ते याच दोन महिन्यांत पडते. खळे जळले की बलुतेही जळते. ज्याच्याकडे गाड्या आणि बैल, तो धान्य लादून नातलगांच्या गावी जातो. ज्याच्याकडे पाटी आणि डोके, तो पाटीत मावेल तेवढे घेऊन डोंगरात जातो. आणि गावकामगार महार तर सर्वांत शेवटी जाणार, कारण सरकारी जासूदाला वाट दाखवायची, फौजेला सरपण आणि वैरण पुरवायची, सांगितलेले ओझे पुढच्या गावापर्यंत पोचवायचे, ही वेठ त्याच्याच माथी. माझी आजी सांगे, कोणा साहेबाचा तळ गावाबाहेर पडला की गावात बातमी पोचण्याआधी महारवाड्यातली चूल विझलेली असे, कारण सरपण तिकडे गेलेले असे. ती सांगत होती ती गोष्ट विसाव्या शतकातली. १७७९ मध्ये तर एक नव्हे, दोन फौजा तळ देऊन होत्या.

मी हे मराठ्यांच्या डावपेचांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. डाव अचूक होता. पण त्या डावातली मुख्य सोंगटी म्हणजे रिकामे केलेले गाव, आणि ते रिकामे करण्याची किंमत ज्यांनी दिली त्यांची जमीन गावात नव्हती, घर गावकुसाबाहेर होते.

११ जानेवारीस समितीने माघारीचा निर्णय घेतला. रात्री अकराच्या सुमारास निघायचे ठरले. जड तोफा तळ्यात लोटून दिल्या. नेता येणार नाही ती सामग्री पेटवून दिली. आता जरा विचार करा. चुपचाप निघून जायचे आहे, आणि निघण्यापूर्वी पठारावर आग लावायची! चार कोसांवरच्या घोडेस्वारालाही ती दिसली असेल.

माघार म्हणजे पळ काढणे असा आपल्याकडे समज आहे. ठासणीच्या बंदुकीच्या काळात माघार ही सर्वांत अवघड कवायत होती. ती बंदूक नळीच्या तोंडातून भरावी लागे: दारू, गोळी, गज घालून ठासणे, कानात दारू, चाप. तरबेज शिपायाला एका बारासाठी वीस सेकंदांच्या आसपास लागत, आणि भरवशाचा नेम शंभरेक पावलांपर्यंतच. घोडा शंभर पावले किती क्षणांत तोडतो? तेव्हा एकेकट्या शिपायाच्या हातची बंदूक म्हणजे संगीन लावलेली काठी. ती शस्त्र होते ते रांगेत. एक रांग झाडते तेव्हा दुसरी भरते. पुढे जाताना रांग राखणे सोपे, कारण तोंड शत्रूकडे असते. मागे जाताना तोंड एकीकडे आणि जायचे दुसरीकडे. म्हणून पिछाडीची तुकडी दोन भागांत काम करते. एक भाग शत्रूकडे तोंड करून ठाम उभा राहतो, दुसरा शंभर-दीडशे पावले मागे जाऊन वळतो आणि उभा राहतो, मग पहिला त्याच्या मागे जातो. असे तासन्तास. यात एक भाग जरी घाबरून धावला तरी दुसरा कापला जातो. आघाडीला जोश लागतो, पिछाडीला सबुरी.

पहाटे दोनच्या सुमारास मराठी घोडेस्वारांनी इंग्रजांच्या आघाडीवर हल्ला केला. हे लक्षात घेण्याजोगे आहे. मागून पाठलाग अपेक्षित होता, पहिला घाव पुढून बसला. म्हणजे वाट आधीच अडवलेली होती. आघाडीजवळचे पुष्कळ सामान तेथेच लुटले गेले. मग पिछाडीवर जोराचा मारा सुरू झाला. उजाडले तेव्हा फौज चारी बाजूंनी वेढलेली होती. पिछाडीला होता कॅप्टन हार्टले आणि त्याचे देशी शिपाई. या शिपायांनी रात्री आणि सकाळी पुन्हा पुन्हा उभे राहून घोडदळाचे आणि पायदळाचे हल्ले परतवले. मुख्य फौज वडगावाकडे सरकली ती यांच्या आडोशाने. तळेगाव ते वडगाव अंतर दोन कोसांचे. रात्री अकराला निघालेली फौज वडगावात पोचली तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार उलटून गेली होती. दोन कोस, रात्र आणि दिवस.

हे शिपाई कोण होते? मुंबईच्या पलटणींत कोकणातले आणि घाटावरचे सर्व तऱ्हेचे लोक असत: मराठे, भंडारी, मुसलमान, बेने इस्रायली, आणि कंपनीच्या कागदांत 'परवारी' म्हणून नोंदलेला महार. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्या हातात येथे बंदूक होती आणि त्याच्या शेजारी रांगेत दुसऱ्या जातीचा माणूस होता. रांगेला जात परवडत नाही. शेजारचा माणूस हलला की आपण मेलो, एवढेच तिला कळते. कोणी म्हणेल, परक्याच्या चाकरीत कसले कौतुक? राघोबादादा त्याच फौजेत होता, आणि तो तर पेशवा व्हायला निघाला होता. चाकरीचा जाब विचारायचाच तर वरून विचारायला सुरुवात करावी.

त्या दिवशीची इंग्रजांची हानी साडेतीनशेच्या घरात सांगितली जाते, त्यांत पंधरा गोरे अधिकारी. अधिकाऱ्यांची नावे मिळतात. शिपाई आकड्यात मिळतो. बुणगा आकड्यातही मिळत नाही. कोरेगावची गोष्ट आपण सारे जाणतो: १ जानेवारी १८१८ ची लढाई कंपनीने आपला विजय मानली, स्तंभ उभारला, आणि म्हणून त्यावर 'नाक' प्रत्यय असलेली महार शिपायांची नावे कोरली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या नावांसमोर जाऊन उभे राहिले. वडगावास त्याच मुंबईच्या फौजेचे तसेच शिपाई तितक्याच कणखरपणे उभे राहिले होते. पण तेथे कंपनी हरली. हरलेल्या कंपनीला स्तंभ नको होता, आणि जिंकलेल्या मराठ्यांना शत्रूच्या शिपायांची नावे कशाला हवीत? दोन्ही दप्तरांच्या मधल्या फटीत ही माणसे पडली.

वडगावात काय झाले ते वाचताना इंग्रजी लेखणीचा एक सूर कानाला खटकतो. गावात शिरताना बुणग्यांची झुंबड उडाली, मराठी घोडदळ चालून आले तेव्हा ते जीव मुठीत धरून शिपायांच्या रांगांत घुसले, रांगा विस्कटल्या, मोठा गोंधळ झाला. हे घडले, यात शंका नाही. पण सांगण्याची पद्धत अशी की जणू फौज बुणग्यांनी बुडवली. त्यांना तेथे आणले कोणी? दिवसाला पाऊण मैल चालणारी फौज कोणी रचली? रात्रीच्या अंधारात, आगीच्या उजेडात, त्यांना न सांगता न सवरता निघण्याचा हुकूम कोणी दिला? बैलवाल्याच्या हातात चाबूक होता, बंदूक नव्हती. घोडा अंगावर आला तर तो बंदुकीच्या मागे जाणार नाही तर कोठे जाणार? रांग मोडली ती बुणग्यांमुळे नव्हे. बुणग्यांना वगळून बेत आखला म्हणून मोडली.

मराठ्यांना हे फार महाग शिकवणीतून कळलेले होते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्यांच्या स्वतःच्या फौजेबरोबर बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे यांचा केवढा पसारा होता! उपासमारीने कोंडलेली ती फौज बुणग्यांना मध्ये घेऊन निघाली, रांग मोडली आणि सर्वस्व गेले. त्या दिवशी पानिपतावरून जे जिवंत सुटले त्यांत एक नाना फडणीस होता आणि एक महादजी शिंदे. दोघेही मोडलेल्या माघारीतून आलेले. महादजीचा पाय तेथेच अधू झाला, आणि त्याला उचलून वाचवले ते राणेखान नावाच्या एका भिस्त्याने. पखाल वाहणारा तो माणूस. महादजीने पुढे त्याला भाऊ मानले. अठरा वर्षांनी जानेवारी महिन्यातच हे दोघे वडगावासमोर उभे होते. कोंडलेल्या फौजेचा कोणता अवयव आधी तुटतो, हे त्यांना कोणा पंडिताने शिकवायला नको होते. एक भिस्ती नसता तर वडगावचा तह ज्याच्या छावणीत ठरला तो माणूसच उरला नसता. पानिपताच्या कथेत राणेखानाचे नाव राहिले, ते महादजी मोठा झाला म्हणून.

१३ जानेवारीस सकाळी मराठी तोफा वडगावावर चालू लागल्या. कॉकबर्नने सांगितले की येथून पुढे घाटापर्यंत माघार घेणे अशक्य आहे. हार्टलेचे मत उलट होते. अजूनही निघता येईल असे त्याने सुचवले. पिछाडीला जो उभा होता त्याचा आपल्या शिपायांवर विश्वास होता, मध्ये जो होता त्याचा नव्हता. समितीने कॉकबर्नचे ऐकले आणि फार्मर याला बोलणी करायला पाठवले. मराठ्यांनी प्रथम राघोबाला मागितले. तो पुढे महादजीच्या स्वाधीन झाला. मग समिती म्हणू लागली की वरिष्ठ सरकारच्या परवानगीवाचून तह करण्याचा आम्हांला अधिकार नाही. त्यावर मराठ्यांचा सवाल बिनतोड होता: मग पुरंदरचा तह मोडण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला? १६ जानेवारीस करार झाला. १७७३ पासून घेतलेला सारा मुलूख, साष्टीसकट, परत द्यायचा. बंगालहून येणारी फौज परतवायची. भडोचचा वाटा महादजीला आणि त्याच्या लोकांना ४१,००० रुपये. फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट हे दोघे ओलीस. फौजेला घाट उतरून जाऊ दिले.

याच्या सव्वा वर्ष आधी, १७ ऑक्टोबर १७७७ रोजी, अमेरिकेत सॅराटोगाला जनरल बर्गॉइनने अशीच शरणागती दिली होती. तीच सामानाने लादलेली मंद फौज, तोच रानातला लांब रस्ता, तसाच करार. आणि तो करारही पुढे जिंकणाऱ्यांच्या काँग्रेसने पाळला नाही. येथे तो हरणाऱ्यांनी मोडला. मुंबई आणि कलकत्ता, दोघांनीही वडगावचा करार नाकारला. फौज सुखरूप परत आल्यावर अधिकार नव्हता हे आठवायला वेळ लागला नाही. कंपनीने कार्नाक, एगर्टन आणि कॉकबर्न यांना नोकरीतून काढले, हार्टलेला बढती दिली. ओलिसांना पुढे महादजीने सोडून दिले. बंगालची फौज घेऊन निघालेला कर्नल गॉडर्ड करार न जुमानता फेब्रुवारीच्या अखेरीस सुरतेस पोचला. युद्ध संपले ते १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने, आणि साष्टी शेवटी इंग्रजांकडेच राहिली.

वडगावात आजही एका गोऱ्याचे थडगे दाखवतात. कार्ल्यास पडलेला तो स्टुअर्ट. त्याच्या शौर्यावरून लोकांनी त्याला 'इष्टुर फाकडा' म्हटले, आणि पुढे त्याच्या थडग्याला नवसही बोलले जाऊ लागले. शत्रूच्या शूराला मान देणारी ही लोकांची वृत्ती मला आवडते. माझ्या एका विद्यार्थिनीने मात्र तेथे उभे राहून विचारले होते, "सर, ह्याच्याबरोबर जे मेले त्यांना कुठं पुरलं?" तिच्याबरोबर आलेली मुले हसली. मला तो त्या सहलीतला एकमेव इतिहासाचा प्रश्न वाटला.

याच वाटेवर दोन वर्षांनी पुन्हा तोच खेळ झाला. गॉडर्डने १७८१ च्या आरंभी बोरघाट घेतला आणि पुण्याला धाक घालून तह पदरात पाडून घ्यायचा बेत केला. नाना बधला नाही. परशुरामभाऊ पटवर्धन, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांनी कोकणातून त्याची रसद तोडायला सुरुवात केली. पनवेलहून घाटावर येणारा प्रत्येक तांडा लढाई करूनच वर आणावा लागे. एप्रिलात गॉडर्ड घाट उतरून पनवेलला परतला. त्या उतरणीत साडेचारशेहून अधिक माणसे मेली अगर जखमी झाली, अठरा गोरे अधिकारी त्यांत होते. तांड्याबरोबर वर-खाली करणारे बैलवाले या वेळीही त्या आकड्यात धरलेले नाहीत.